आईचे गुडघे आणि हात फार दुखतात, गुडघ्यात इंजेक्शन द्यावं का? (अर्जंट)

पप्पू_जळगाव
मंडळी, आईचं सांधेदुखीचं खूप वाढलंय. हाडाच्या डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन घ्या म्हणून सांगितलं, इकडे काकू म्हणते एकदा सुई टोचली की सवयच लागते. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं की परत तेच. परवा जायचंय त्यामुळे घाई आहे. अनुभव असेल त्यांनीच लिहा.

तापीकाठ
वय? शुगर, बीपी? गोळी कोणती चालू आहे? इंजेक्शन स्टेरॉईडचं की ते सांध्यात वंगण म्हणून देतात ते? काहीच न सांगता काय सांगायचं भो.

केळीबाग_रावेर
निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून रात्री बांधा, आमच्या आजीने जन्मभर तेच केलं. आणि वांगं एकदम बंद, वातूळ असतं.

भरीतपार्टी
ऐन थंडीत वांगं बंद?? खान्देशात राहता ना तुम्ही?

पप्पू_जळगाव
वय ५८. शुगर आहे थोडी, त्याची गोळी चालू आहे. एक्सरेमध्ये गुडघ्यातला गॅप कमी झालाय म्हणाले. इंजेक्शन कसलं ते विचारलं नाही. वांग्याचं नंतर बघा ना राव.

धुळेकर७७
सरळ ऑपरेशन करून टाका. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले, आता जिना चढतात. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, आधीसारखं महाग राहिलं नाही.

पप्पू_जळगाव
ऑपरेशनचं विचारलंच नाहीये मी.

फिजिओ_अमळनेर
स्टेरॉईडचं असेल तर काही आठवडे बरं वाटतं, सवय बिवय लागत नाही, पण सारखं सारखं घ्यायचं नसतं आणि त्यानंतर काही दिवस शुगर चढते, तेव्हा शुगर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. गुडघ्यासाठी रोज खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच-सहा आकडे म्हणेपर्यंत धरायचा आणि हळू सोडायचा, मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. काठी घेतली तर दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. उकिडवं बसणं टाळा. पण तुम्ही वर हात पण लिहिलेत आणि त्याचं कोणी विचारलंच नाही. बोटं सुजतात का? सकाळी किती वेळ आखडलेली असतात?

पप्पू_जळगाव
हो, दोन्ही हात सुजतात, मुठीच्या गाठी पार टम्म. उठल्यावर नऊ-साडेनऊपर्यंत मूठ वळत नाही. कळण्याची भाकरी थापणं दिवाळीपासून बंद, ते आता बायकोकडे. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरते, ब्लाऊजचे हूक नात लावून देते. आम्हाला वाटलं वयाने असेल. हां, मध्ये ओळखीतून एक तपकिरी पुडी आणली होती, तिने चार दिवसांत एकदम फरक, चेहरा पण भरला. ती संपत आलीय, अजून मागवू का?

चोपड्याची_अक्का
नको रे बाबा! अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं निघतं, चेहरा भरला नाही, सुजला असेल, आणि शुगर पण तपासून घे. मात्र बरेच दिवस घेत असेल तर मनानेच एकदम तोडू नको, तेही धोक्याचं, पुडी परवा डॉक्टरांसमोर ठेव. मला आमवात आहे, म्हणजे आपली प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, माझी सुरुवात अशीच. आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या विचार. मला त्यावरची मेथोट्रेक्सेट गोळी चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी. रोज घ्यायची नसते ती, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. गुण यायला दीड-दोन महिने जातात.

केळीबाग_रावेर
त्या गोळ्यांनी लिव्हर जातं.

चोपड्याची_अक्का
म्हणून तर मधून मधून लिव्हरचं रक्त तपासतात. पुडीवाल्याने कधी तपासायला लावलं?

भुसावळ_लोको
पावसाळ्यात ताप आला होता का? चिकनगुनियानंतर पण महिनोन् महिने सांधे धरतात. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये निम्मे लोक लंगडत होते.

पप्पू_जळगाव
आला होता, तीन-चार दिवस. तेव्हा तपासणी नाही केली. मग परवाची अपॉइंटमेंट रद्द करू का?

चोपड्याची_अक्का
रद्द कशाला? जा, पण हात दाखव आणि ताप, पुडी, सगळं सांग. संधिवाताचे डॉक्टर वेगळे असतात, हाडाचे वेगळे, त्यांनाच विचार कोणाकडे पाठवता. उशीर झाला की बोटं वाकडी होतात, माझी दोन झालीत.

शिरपूरचा_राजा
माझा पायाचा अंगठा रात्री लालबुंद होतो, युरिक ॲसिड वाढलंय. तुरीची डाळ चालेल का?

तापीकाठ
वेगळा धागा काढा. पप्पूभाऊ, दुखण्याची गोळी कोणती ते अजून सांगितलं नाही.

पप्पू_जळगाव
डायक्लोफेनॅक. सकाळ-संध्याकाळ, जास्त दुखलं तर दुपारी पण. मेडिकलवाला देतो.

तापीकाठ
शुगरच्या पेशंटला रोज तीन?? परवा क्रिएटिनिनची रक्त तपासणी पण करून घ्या, किडनीवर येतं ते. पोटात जळजळ, काळी शौच होते का तेही विचारा आईला.

पप्पू_जळगाव
जळजळ आहे म्हणते. आत्ता विचारलं.