रॉडचा प्लग वितळला तरी एमसीबी पडला नाही, असं कसं?

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. सोलापुरात जुनं घर आहे, वायरिंग वडिलांच्या काळातली. आता सकाळी थंडी वाजते म्हणून आई रॉड लावून बादलीत पाणी तापवते. परवा रॉड लावून ती अंगणात रांगोळी काढायला गेली, मी झोपेत, कसला तरी घाण वास आला, सडक्या मासळीसारखा, उठून बघतो तर एक्स्टेंशन बोर्डाचं भोक तपकिरी झालेलं आणि प्लगची एक पिन आतच चिकटलेली. शेजारी चादरींचा गठ्ठा (आमच्याकडे चादरी कुठंही असतात). एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइट तोडणारा स्विच) काय पडला नाही! पण रॉड, इस्त्री, मिक्सर एकदम लावलं की पडतो, म्हणून वायरमन म्हणतो 10 अँपिअरचा काढून 32 चा टाकू. टाकू का?

फ्यूजतार
अजिबात नको!! वायरमन बदला आधी. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असली आणि वर 32 चा बसवला तर भिंतीतल्या पाइपात वायर आधी शिजेल, एमसीबी नंतर पडेल.
आता परवा का नाही पडला ते. रॉड 1500 वॅटचा असेल तर भागिले 230, म्हणजे साडेसहा अँपिअर, 10 च्या एमसीबीला त्याचं काय. पण बोर्डातली पितळी पट्टी सैल झाली की पिन नीट धरत नाही, तिथं गरम होतं, गरम झालं की काळी पडते, काळी पडली की अजून गरम, आणि करंट तेवढाच राहतो त्यामुळे एमसीबीला पत्ताच नाही. तसला वास आला की मेन बंद करायचा, बाकी सगळं नंतर.
रॉडला मेन बोर्डापासून वेगळी 2.5 ची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा मोठा पॉइंट आणि अर्थिंग. एक्स्टेंशन मोबाईल चार्जरला ठेवा. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच) पण बसवून घ्या, शॉकपासून वाचायला.

सातरस्ता_सून
आमच्याकडे वेगळंच झालं, सासूबाई रॉड चालू ठेवून त्याच बादलीतनं मगानं पाणी काढत होत्या (शॉक बसला नाही हे नशीब), पाणी खाली गेलं, रॉड उघडा पडून लालभडक, आणि प्लॅस्टिकची बादली एका बाजूनं मेणासारखी खाली आली. तेव्हापासून लोखंडी बादलीसुद्धा नको, गॅसवर पातेलं.

मागवाला
घरात माग असेल तर अजून एक. कापसाचं तूस बोर्डाच्या भोकात जाऊन बसतं, ठिणगी पडली की भुर्रकन पेटतं. आम्ही दर रविवारी मेन बंद करून सुक्या ब्रशनं झाडतो. आणि पेटलंच तर घाईत पाणी मारू नका बे, आधी मेन पाडा, आवाक्याबाहेर वाटलं तर बाहेर पडून 101.

पूर्वभागकर
बोर्ड फेकला, दुसरा वायरमन उद्या येतोय. आई म्हणते तोवर माळ्यावरचा तांब्याचा बंब काढ. काढला तर खालून गळतोय, अशोक चौकाकडं डाग देणारं कोण आहे का अजून?