‘हसण्यावारी नेणे’ : कौतुक की तक्रार?

माझी आत्या ७४ वर्षांची. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि घोट्याला प्लास्टर बसलं. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, कशा पडलात?” तर म्हणते, “नवी फरशी बसवलीय ना, जरा जवळून बघत होते.” डॉक्टर हसले. आतोबांचा मात्र पारा चढला, “हिला मेलं सगळंच हसण्यावारी न्यायचं असतं!”

तेव्हापासून ते डोक्यात आहे. आत्याच्या या स्वभावाला नेमका शब्द कोणता? ‘विनोदी’ म्हणवत नाही, ती काही किस्से सांगून मैफल जमवत नाही. आणि हसण्यावारीतली ही ‘वारी’ कुठली?

— वारी पंढरपूरची नव्हे, एवढं नक्की. तपशीलवार, क्रमवार यांत जो फारसी ‘वार’ आहे, त्याच घराण्यातली ही. थट्टेवारी नेणे, हसण्यावारी नेणे, म्हणजे ती बाब हसण्याच्या खात्यावर टाकून मोकळं होणे. त्यातलं ‘नेणे’ बघा. गोष्ट मुळात हसण्याची नव्हती, कुणीतरी तिला तिकडे ओढून नेलंय. म्हणून मला ही तक्रारच वाटते. कानावर जास्त पडतं तेही नकारातच : ‘छातीत दुखतंय ते हसण्यावारी नेऊ नका.’

— थोडा असहमत. बोलतंय कोण, त्यावर आहे सगळं. ‘जाऊबाई लागेल असं बोलल्या, पण मी हसण्यावारी नेलं’ असं सांगणारी बाई स्वतःची समजूतदारी सांगत असते. तेच दुसऱ्याबद्दल म्हटलं की आरोप : ‘मी इतकं कळवळून सांगतोय आणि तू हसण्यावारी नेतोस?’ ‘मी’ला शोभतो, ‘तू’ला लागतो, असा शब्द आहे हा. तुमचे आतोबा घाबरले होते, ताई. रागावले नव्हते.

— ‘विनोदी’ला इतक्या लवकर बाद करू नका. विनोद म्हणजे वि + नुद्, दूर सारणे. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ या सुभाषितात कुणी कुणाला चुटके सांगत नाहीये. तिथे विनोद म्हणजे मन रमवणं, शीण घालवणं. समर्थांच्या ‘टवाळां आवडे विनोद’पर्यंत येताना शब्दाची पत बरीच घसरलेली दिसते. जुना अर्थ धरला तर तुमची आत्या अस्सल विनोदी. दुखणं दूर सारलंच की तिने.

जाता जाता, ‘चेष्टा’ची गत याहून मजेशीर. संस्कृतात हालचाल, हिंदी-बंगालीत प्रयत्न, आपल्याकडे टिंगल. आमच्या ऑफिसातला नुकताच मराठी शिकलेला एक बंगाली सहकारी साहेबांना अगदी नम्रपणे म्हणाला होता, “सर, मी उद्यापर्यंत पूर्ण चेष्टा करतो.” साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

— आत्यांसाठी माझं मत ‘खेळकर’ला. ‘मिश्किल’ही सुचेल, पण तो डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यात असतो, क्षणभराचा. मिश्किल हसली म्हणतो, खेळकर हसली म्हणत नाही. खेळकर हा स्वभावच. ‘खुशालचेंडू’ मात्र चुकूनही नको, त्याची खुशाली बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जिवावर चालते.

— मूळ प्रश्न विचारणारी मीच. सगळ्यांचे आभार. ‘मी’ आणि ‘तू’चा मुद्दा एकदम पटला. काल संध्याकाळी हे सगळं दोघांना वाचून दाखवलं. ‘घाबरले होते’वर आतोबा काही बोलले नाहीत, उठून चहा टाकायला गेले. आत्याला फक्त वारीचं पडलं होतं. “पंढरपूरची नाही ना? मग चालेल. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत.”