मदत हवी आहे: केम कॅनन चिलखत खाते, मग रणगाड्याला ओरखडाही का नाही?

मंडळी, वॉरहॅमर ४०,००० (छोट्या रंगवलेल्या मॉडेलांनी टेबलावर खेळायचा, दूरच्या भविष्यातला युद्धखेळ) खेळणाऱ्यांकडून मदत हवी आहे, आणि ज्यांना रसायनशास्त्र कळतं त्यांच्याकडूनही. आमचा गट भुसावळ-जळगावचा. दिवाळीनंतर एक छोटी मोहीम खेळायचं ठरलंय. मरत चाललेला एक औद्योगिक ग्रह, त्यावर रिफायनरीचा पट्टा, एका बाजूला ॲस्ट्रा मिलिटारम (साम्राज्याचं साध्या माणसांचं सैन्य, जुनं नाव इम्पीरियल गार्ड) आणि समोर डेथ गार्ड (रोगराई पसरवणारं शत्रुसैन्य). इम्पीरियल सैन्य माझ्याकडे आहे आणि त्यात माझा सगळा जीव बेन वुल्फ या चिलखती गाडीवर आहे.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चिमेरा नावाच्या सैनिकवाहू गाडीच्या सांगाड्यावर तीन भावंडं उभी आहेत. हेलहाउंडवर इन्फर्नो कॅनन, म्हणजे प्रोमेथियम नावाच्या इंधनाचा पेटता फवारा. डेव्हिल डॉगवर मेल्टा कॅनन, ती पोलाद वितळवते. तिसरी बेन वुल्फ, आणि तिच्यावर केम कॅनन. तिची मारण्याची तऱ्हा फ्लेमरसारखीच, नळीतून झोत आणि समोरचं सगळं कवेत. फरक एवढाच की झोत आगीचा नसून दाहक विषारी वायूचा असतो. कथेत तो कातडी, मांस, श्वासाचे मुखवटे, चिलखत सगळं खातो. या विश्वातल्या इतक्या भयंकर अस्त्रांत मला हेच सगळ्यात क्रूर वाटतं, कारण आगीपासून माणूस निदान पळायचा प्रयत्न तरी करतो.

आता गाठ सांगतो. आम्ही पाचव्या आवृत्तीचे नियम धरून खेळतो, कारण त्यात थेंबाच्या आकाराचा टेम्प्लेट आहे, म्हणजे मॉडेलांवर धरायचा साचा; त्याखाली येईल त्याला फटका. २०१७ साली आठव्या आवृत्तीत टेम्प्लेट गेला आणि किती फटके बसले ते फाशावर ठरायला लागलं. मला ते पटत नाही. झोत कुठून सुटला, कोण आडोशाला होतं, कोण चुकून मध्ये आलं, हे टेबलावर डोळ्यांना दिसायला हवं.

२००९ च्या इम्पीरियल गार्ड कोडेक्समध्ये (सैन्याच्या नियमपुस्तकात) केम कॅननची ताकद फक्त १ आहे, पण एपी (चिलखत भेदण्याचा आकडा) ३ आणि विष २+. म्हणजे टेम्प्लेटखाली आलेला माणूस कितीही दणकट असो, फाशावर २ किंवा वर पडलं की जखम. स्पेस मरीन या महायोद्ध्यांचं ३+ चं चिलखत तिथे कामाचं नाही, आणि डेथ गार्डच्या प्लेग मरीनचा जादा टफनेस (दणकटपणाचा आकडा) सुद्धा नाही. इथपर्यंत सगळं झकास. पण समोर गाडी आली की ताकद १ अधिक एक फासा, म्हणजे जास्तीत जास्त ७. हलक्यात हलक्या गाडीचं चिलखत १०. थोडक्यात, जो वायू मरीनचं चिलखत नसल्यासारखं भेदतो, तो साध्या ट्रकचा रंगसुद्धा खरवडू शकत नाही.

आमच्यात यावरून दोन तट पडलेत. डेथ गार्ड खेळणारा भाऊ म्हणतो, नियम आहे तो आहे, गाडीत बसलेला माणूस सुरक्षित, विषय संपला. बाकीच्यांना (मलाही) वाटतं की दाहक अस्त्राची खूण मागे राहिली पाहिजे. आम्ही घरचा एक नियम लिहिलाय: केम कॅननचा फटका बसला आणि फासा ६ पडला की त्या गाडीवर एक 'गंज' खूण ठेवायची, प्रत्येक खुणेमागे गाडीचं चिलखत १ ने कमी, जास्तीत जास्त २. कागदावर बरं दिसतं. पण बेन वुल्फ दोन घेतल्या तर समोरच्याचे रणगाडे तिसऱ्या टर्नपर्यंत पत्र्याचे होतील, अशी भीती आहे.

म्हणून विचारतो:

हा नियम संतुलित कसा करावा?

जे रसायन सगळं खातं ते बेन वुल्फची स्वतःची टाकी का खात नाही? मोहिमेची कथा मी लिहितोय आणि 'जादू आहे' असं उत्तर मला लिहायचं नाही.

आणि रंगकाम. हेलहाउंड रंगवणं सोपं, नळीच्या तोंडाला काजळी दिली की झालं. रासायनिक झोताची गाडी बघताक्षणी वेगळी कळावी यासाठी काय करावं? सामान इकडे भरपूर मिळतं. एमआयडीसीतल्या ओळखीच्यांकडून पीव्हीसी पाइपांचे तुकडे आणलेत, रिफायनरी त्यातूनच उभी राहतेय. ठिबकची १६ एमएम लॅटरल नळी आमच्या २८ एमएमच्या माणसांपुढे मोठी पाइपलाइन म्हणून शोभते, आणि टाकीपासून कॅननपर्यंतच्या नळीला मायक्रोट्यूब लावलीय. केळीच्या बागेत जुनी काढून टाकलेली असते, त्यावर क्षाराचा पांढरा थरसुद्धा आयता असतो.

प्रतिसाद (नाशिक)

नेक्रोमुंडा बघा, याच विश्वातला टोळीयुद्धाचा खेळ. त्यात एशर टोळीकडे केम-थ्रोअर असतो, टेम्प्लेटवरच चालतो. त्याच्या गॅसला जखमेचा नेहमीचा फासा नाही आणि चिलखताची सेव्हही (बचावाचा फासा) नाही, एक फासा टाकून सरळ टफनेसशी तुलना. आग लागलेल्याचा 'ब्लेझ' नियम मात्र निराळाच, पेटलेला माणूस टेबलभर सैरावैरा धावतो. म्हणजे लिहिणाऱ्यांनीच आग आणि वायू हे दोन वेगळे त्रास मानलेत. तुम्हीही वायूला गाडीमागे पाठवू नका, आडोशामागे पाठवा. १९१५ च्या एप्रिलमध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन सोडला तेव्हा तो हवेपेक्षा अडीच पट जड असल्यामुळे खंदकात उतरून साचला होता. झोत पडला त्या खड्ड्यात पुढचा एक टर्न कोणी थांबू शकणार नाही, एवढा नियम केला तरी टेबल बदलून जाईल.

प्रतिसाद (धुळे)

भारी शे भाऊ! तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे असं मला वाटतं.

क्लोरीन ट्रायफ्लुओराइड नावाचा खराखुरा पदार्थ आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फाल्केनहागेनला त्याचा कारखाना उभारला होता, प्रत्यक्ष लढाईत तो वापरला गेला नाही. तो जवळजवळ कशालाही ठिणगीशिवाय पेटवतो, वाळू आणि ॲस्बेस्टॉससुद्धा. साधारण १२ अंशाला उकळतो, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीही वायूच. जाळणं आणि खाणं एकाच वेळी करणारा असा दुसरा मला माहीत नाही. तरीही तो पोलाद, तांबं, निकेल यांच्या भांड्यात राहतो. कारण पहिल्या स्पर्शातच धातूवर फ्लुओराइडचा पातळ थर बसतो आणि तो थर आतल्या धातूला वाचवतो. थर फुटला किंवा खरवडला गेला, तर मात्र धातूही पेटतो.

आता हे टेबलावर आणा. अख्खी गाडी केम कॅननला दाद देत नाही, तुमचा डेथ गार्डवाला बरोबर बोलतोय. पण जिला आधीच पेनिट्रेटिंग हिट (चिलखत भेदणारा फटका) बसलाय, जिचं चिलखत फुटलंय, तिच्यावर वायू आत घुसतो. म्हणजे गंज खूण फक्त आधी जायबंदी झालेल्या गाडीवर, आणि एका गाडीला एकच. मग बेन वुल्फ एकटी रणगाडा मारू शकत नाही, तिला लासकॅनन किंवा मेल्टा अशा रणगाडाभेदी हत्याराची जोडी लागते. संतुलन आपोआप साधतं, आणि तुमच्या टाकीला आतून तयार केलेला थर आहे हे कथेतही बसतं. शत्रूने टाकीला भोक पाडलं तर काय होईल तेही लिहा, मजा येईल.

रंगाबद्दल. आग वर जाते, रसायन खाली ओघळतं. म्हणून काजळी अजिबात नको. नळीच्या तोंडापासून खालच्या बाजूला रंग उडालेला दाखवा, स्पंजने टिपके देऊन उघडा धातू. कडांना उजळ चांदी, खाली ओघळीत फिकट पिवळट हिरवा, पितळी भागांवर निळसर कळकट रंग. खडबडीत गंज हवा असेल तर फेव्हिक्विकवर खाण्याचा सोडा भुरभुरा, लगेच दगडासारखा घट्ट होतो.

भिंतींसाठी पॅकिंगचा थर्माकोल घ्या आणि त्यावर थेट स्प्रे कॅन मारा. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. जवळून बघण्यासारखं असतं, आधी पृष्ठभाग चकाकतो, मग बारीक खळगे पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि भिंत आतल्या बाजूला खचते. जिथे थांबवायचं तिथे आधी फेव्हिकॉलचा हात देऊन वाळवा, तेवढा भाग शाबूत राहतो. गच्चीवर करा, मास्क लावून. घरात नाही.

धागाकर्ता

दादा, फुटलेल्या चिलखताचा नियम मनापासून आवडला. डेथ गार्डवाल्याला फोन केला, तोही तयार आहे, फक्त त्याची एक अट आहे: शेकन आणि स्टन्ड (फटक्याने तात्पुरती अडलेली) गाडी 'जायबंदी' धरायची नाही, हत्यार गेलं किंवा चाकं गेली तरच. मला ते मान्य आहे. नाशिककर, खड्ड्यात वायू साचण्याचा नियमही घेतोय, पण तो टर्न संपेपर्यंत मास्क असलेल्या युनिटला लागू करावा का? क्रीगचं सैन्य (ॲस्ट्रा मिलिटारमची एक पलटण) माझ्याकडेच आहे आणि सगळे मुखवटेधारी आहेत, त्यामुळे मी ठरवलं तर ते पक्षपाती दिसेल. तुम्ही दोघांनी सांगा, आम्ही तसंच खेळू.

थर्माकोलची भिंत उद्या पहाटे करतो. ऊन चढलं की आमच्या गच्चीवर प्रायमर हवेतच वाळतो आणि मॉडेलवर वाळूसारखा बसतो, त्यामुळे स्प्रेचं सगळं काम सूर्य उगवायच्या आत. आणखी एक: मायक्रोट्यूबला ॲक्रिलिक धरत नाही, वाकवली की पापुद्रे निघतात. त्यावर आधी काय मारायचं हे कोणाला माहीत असेल तर कृपया लिहा.