मदत हवी आहे: सामोआ, स्टीव्हन्सनचं घर आणि बाबांचा गुडघा

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑकलंडला असतो. नोव्हेंबरात आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येतायत. बाबा हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची त्यांची प्रत मी लहानपणापासून बघतेय. मूळ कव्हर कधीच गेलं, आता खाकी पुठ्ठा आहे आणि कण्याला पट्टी. लोणच्याची एक बरणी कमी झाली तरी चालेल, पण पुस्तक येणार, असं आईने आधीच सांगून टाकलंय. (ते पुस्तक सामोआत लिहिलेलं नाही, १८८१ साली स्कॉटलंडात लिहायला घेतलं होतं, हे बाबाच सगळ्यांना ऐकवत असतात. तेव्हा कृपया त्यावरून मला दुरुस्त करू नका!)

इथून सामोआची राजधानी आपिया विमानाने जेमतेम चार तास, हे कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलाय. स्टीव्हन्सन शेवटी जिथे राहिला ते आपियाजवळचं वाइलिमातलं घर बघायचं आणि मागच्या वाएआ डोंगरावर त्याच्या कबरीपाशी जायचं. तेही ३ डिसेंबरला, म्हणजे तो गेला त्या तारखेला.

अडचण गुडघ्याची. बाबा ७१ वर्षांचे आहेत, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. सपाटीवर तासभर चालतात. जिना मात्र कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गेल्या वर्षी सज्जनगड चढले, पण उतरताना काकाने हात धरला होता.

कुणी गेलंय का तिथे? डोंगर त्यांना झेपेल का? आणि नाहीच झेपला, तर नुसतं घर बघून समाधान होईल असं आहे का? इथल्या एका टूरवाल्याने ‘वीस मिनिटं थांबू की’ म्हणून विषय संपवला. वीस मिनिटांत बाबांची प्रस्तावनाही होणार नाही.

प्रतिसाद १

आम्ही जुलैत जाऊन आलो. आधी डोंगराचं सांगतो. वाटा दोन आहेत. जवळची वाट अर्ध्या-पाऊण तासाची, पण उभी. तिचा विचारही करू नका. लांबची वळणं घेत जाते, तिला तासाभराच्या वर लागतो. दोन्हीकडे झाडांची मुळं आणि ओली माती. चढताना दम लागतो एवढंच, गुडघ्याची परीक्षा उतरताना. सज्जनगडाला निदान बांधलेल्या पायऱ्या आहेत! सकाळी लवकर निघा, नऊनंतर घामाने अंघोळ होते. डासांचं मलम विसरू नका. आणि परतण्याआधी बुटांचा चिखल धुवा, ऑकलंड विमानतळावर तळवे तपासतात.

घराला मात्र निवांत दोन तास द्या. खोल्या दाखवायला माणूस बरोबर असतो. मोठ्या दिवाणखान्याला कॅलिफोर्नियाहून आणलेलं रेडवुड लावलंय, आणि घरात चक्क शेकोटी! बाहेर आपण घामाने निथळतोय आणि आत विटांची शेकोटी. एडिंबराच्या माणसाला तिच्याशिवाय घर घरासारखं वाटलं नसावं. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभा होतो, कबरीपाशी नव्हे.

रविवार टाळा. संग्रहालय बंद, आणि आपियातही चर्च आणि घरच्या जेवणापलीकडे काही हलत नाही. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवा.

प्रतिसाद २

डिसेंबर म्हणजे तिकडचा पावसाळा, त्यात वादळांचा मोसम. १९९० आणि ९१च्या चक्रीवादळांनी याच घराची पार दैना केली होती. मग दुरुस्ती करून १९९४ साली, त्याच्या शंभराव्या स्मृतिवर्षी, संग्रहालय उघडलं. तारखेचा हट्ट नसेल तर मे ते ऑक्टोबर बरं. विमानाचं तिकीट बदलता येणारंच काढा.

प्रतिसाद ३

तारखेवरून आठवलं. आगाऊपणा वाटेल, पण बाबांना नक्की सांगा. १८९२ साली सामोआने अमेरिकेशी जुळवून घ्यायला तारीख बदलली, त्या वर्षी तिथे ४ जुलै दोनदा आला. २०११च्या शेवटी पुन्हा उलटी उडी मारली आणि ३० डिसेंबर उगवलाच नाही. म्हणजे १८९४ साली स्टीव्हन्सन गेला तेव्हा तिथे ३ तारीख होती, पण ऑकलंडला ४. आज सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या ऑकलंडच्याच बाजूला आहे. आजच्या हिशोबाने पुण्यतिथी ४ डिसेंबरला!

तसंही तारखांच्या बाबतीत हा गृहस्थ उदारच होता. एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या मुलीचा वाढदिवस नेमका नाताळच्या दिवशी यायचा, म्हणून तिला वेगळा वाढदिवस मिळत नसे. याने १८९१ साली स्वतःचा १३ नोव्हेंबर तिला रीतसर कागद करून देऊन टाकला.

कबरीचं म्हणाल तर, चौथऱ्याच्या एका बाजूला त्याच्याच कवितेच्या ओळी, दुसऱ्या बाजूला सामोअन भाषेत बायबलमधलं वचन. बायको फॅनीची रक्षाही १९१५ साली तिथेच आणली. तो गेल्यावर सामोअन लोकांनी झाडी तोडून वर वाट काढली आणि खांद्यावरून त्याला शिखरावर नेलं. बाबा वर पोचले नाहीत तरी पायथ्याशी हे डोळ्यासमोर आणता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! तारखेचं प्रकरण काल फोनवर बाबांना सांगितलं. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, “म्हणजे ३ला घर आणि ४ला डोंगर. दोन्ही दिवस बरोबरच.” आई मागून म्हणाली, “आणि ५ला गुडघा.”

तर ठरलंय असं: पहिल्या दिवशी घर, शेकोटीसकट. दुसऱ्या दिवशी पाऊस नसेल तर लांबची वाट. अर्धा तास वर जाऊन बघायचं, आणि मी ‘आता परत’ म्हटलं की वाद न घालता वळायचं, असं कबूल करून घेतलंय. नवरा पुढे, मी मागे.

आता शेवटचं: चढणीला वापरतात त्या घडीच्या काठ्या, दोन, ऑकलंडमध्ये कुणाकडे आठवडाभरासाठी उसन्या मिळतील का? टोकाला रबर असेल तर फारच छान. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.