उपवास, रोजे, चौविहार आणि शुगरची गोळी: कामात उपयोगी पडलेलं लिहा

"उपवास करू नका" म्हटलं की पेशंट मान डोलावतो आणि उपवास करतोच. फक्त आपल्याला सांगत नाही. म्हणून हा धागा. श्रद्धेला धक्का न लावता शुगर कशी सांभाळायची, हे डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, औषध दुकानदार यांनी नेमकं लिहावं.

मधुमेहतज्ज्ञ
रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी पेशंटला बोलवा. ऐनवेळी डोस बदलून पाहायला वेळच मिळत नाही. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) दोनदा असेल तर एक इफ्तारला (संध्याकाळी रोजा सोडताना), एक सहेरीला (पहाटेच्या जेवणाला). तीनदा असेल तर सकाळची सहेरीला, दुपारची आणि रात्रीची मिळून इफ्तारला. ग्लिमेपिराइड (हीही शुगरचीच गोळी) दिवसाला एकच असेल तर इफ्तारला, आणि शुगर चांगली असेल तर डोस कमी करून. ग्लिबेनक्लेमाइड मात्र बदलाच. त्याचा परिणाम लांबतो आणि नेमकी संध्याकाळी शुगर कोसळते. दिवसभर पुरणारं इन्सुलिन इफ्तारला, १५ ते ३० टक्के उतरवून.

शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा, मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजला) दहा मिनिटं उरली असली तरी. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे डॉक्टरांपेक्षा मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी सांगितलं तर लगेच पटतं. त्यांना आधीच भेटा. टाइप १ मधुमेह, डायलिसिस, इन्सुलिनवरची गरोदर बाई, गेल्या तीन महिन्यांत शुगर उतरून बेशुद्ध पडलेला पेशंट: इथे स्पष्ट 'नको' म्हणा. आजाऱ्याला कुराणातच सूट आहे, फिदियाचा (रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण देण्याचा) मार्ग आहे. हा विषय आपणच काढावा, पेशंट संकोचतो.

आहारतज्ज्ञ
मराठी घरात अडचण उलटी. एकादशी, दुप्पट खाशी! १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं नावालाच. सकाळी खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू, मग शुगर चढणारच. खिचडी बंद करा म्हणू नका; अर्धी वाटी खा, सोबत दही-काकडी घ्या म्हणा. दुसऱ्या वेळेला लहान वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी. छापील तक्ता हातात देण्याआधी घरचे नियम विचारा: कोणाकडे जिरं-कोथिंबीर चालते, कोणाकडे नाही. न चालणारा एक जिन्नस दिसला की अख्खा तक्ता बाजूला पडतो.

हातपाय थरथरले, घाम सुटला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. साखर उपवासाला चालतेच, त्यामुळे उपवास मोडत नाही. हे आधीच सांगून ठेवा. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात ही सोय नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर निर्जळी उपवासात अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात. ती केव्हा थांबवायची ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.

औषध दुकानदार
चौविहार पाळणारे जैन लोक सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. चिठ्ठीवर 'रात्री झोपताना' असेल तर ती गोळी राहूनच जाते आणि कोणाला कळतही नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), अ‍ॅम्लोडिपिन (रक्तदाबाची) दिवसात केव्हाही चालतात. 'सूर्यास्ताआधी' असं लिहून घ्या. बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची ६०,००० युनिटची मऊ कॅप्सूल यामुळेच अर्ध्यात सुटते. त्याची पावडर किंवा पातळ औषध मिळतं. बिल करण्याआधीच विचारा.

ओपीडीतली नर्स
धर्म विचारू नका, नावावरून अंदाज बांधू नका. सरळ विचारा: "पुढच्या तीन महिन्यांत कुठला उपवास, रोजा, व्रत आहे? त्यात पाणी घेता का? संध्याकाळी शेवटचं केव्हा खाता?" उत्तर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहा, म्हणजे डॉक्टरांची नजर औषध लिहिण्याआधी तिथे जाते. सासूबाई सोबत असतील तर वजन करायला बाईला आत घ्या आणि तिथे विचारा. निर्जळी उपवास असला तर तिथेच कळतो.