गावातून जाणारा राज्यमार्ग नगरपरिषदेने ताब्यात घ्यावा का? अनुभवी लोकांनी सांगा

वेशीजवळचा:
नमस्कार मंडळी. आमचं शहर ब वर्ग नगरपरिषदेचं, आणि गावाच्या मधोमध राज्यमार्ग जातो, एसटी स्टँड ते कारखाना फाटा, असेल चारेक किलोमीटर. बायपास चालू झालाय त्यामुळे पीडब्ल्यूडी म्हणतंय की हा जुना रस्ता आता नगरपरिषदेने घ्यावा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव येणार आहे असं नगरसेवकांकडून कळलं. आत्तापर्यंत काय व्हायचं तर पावसाळ्यात खड्डे पडले की नगरपरिषद सांगणार रस्ता आमचा नाही, पीडब्ल्यूडीकडे जावं तर ते सांगणार तुमच्या गटाराचं पाणी रस्त्यावर येतं म्हणून डांबर टिकत नाही, आधी गटार करा. आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे हीच अडचण आहे. त्यामुळे एकच मालक झाला तर बरं असं बऱ्याच लोकांना वाटतंय, मलाही आधी तेच वाटलं. पण पैसे कुठून येणार? आमची घरपट्टीची वसुलीच धड होत नाही. एकदा घेतला की परत देता येतो का? ठरावाच्या आधी आम्ही नागरिकांनी काय मागावं? कृपया नीट समजावून सांगा, विषय गावाच्या जिव्हाळ्याचा आहे.

साइडपट्टी:
मी पीडब्ल्यूडीतून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालोय, असे हस्तांतरणाचे कागद हाताखालून गेलेत म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ठराव झाला म्हणजे रस्ता तुमचा झाला असं नाही. ठराव, मग आमच्या खात्याचा प्रस्ताव, मग शासनाची मंजुरी, आणि त्या लांबीचा राज्यमार्गाचा दर्जा काढल्याचा आदेश, हे सगळं झाल्यावर संयुक्त पाहणी होऊन ताबा जातो. बऱ्याच ठिकाणी अर्धंच होतं, म्हणजे पीडब्ल्यूडी ठरावाची प्रत दाखवून हात वर करतं आणि नगरपरिषद म्हणते आम्ही अजून ताबा घेतलेला नाही. ही मधली अवस्था सगळ्यात वाईट, तेव्हा ठरावातच लिहून घ्या की ताबा पावती होईपर्यंत देखभाल पीडब्ल्यूडीचीच.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता कुठल्या अवस्थेत घेताय. केंद्राचा राष्ट्रीय महामार्ग बायपासमुळे सुटतो तेव्हा तो राज्याकडे देण्याआधी एकदा सुधारून देण्याची पद्धत आहे. तुम्हीही तेच मागा, आणि नुसतं खड्डे बुजवून वरून पातळ कारपेट मारलेला रस्ता चांगला दिसतो म्हणून फसू नका. दोन-तीन ठिकाणी टेस्ट पिट म्हणजे रस्ता खोदून तपासणीचा खड्डा घ्यायला लावा, खाली खडीचा थर किती उरलाय ते दिसतं. मोऱ्या आतून बघा, निम्म्या गाळाने भरलेल्या असतात आणि पाणी रस्त्यावर येण्याचं खरं कारण तिथे असतं. अलीकडे काम झालं असेल तर ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी (बिघाड झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती शिल्लक आहे आणि त्याची अनामत कोणाकडे आहे हे कागदावर पाहिजे, नाहीतर ताबा बदलला की ठेकेदार दोन्हीकडून सुटतो.

आणि पैसा. राज्यमार्गाच्या देखभालीचा पैसा राज्याच्या बजेटमधून रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षाखाली येतो. दर्जा गेला की ती लांबी त्या यादीतून बाहेर. मग तुम्ही नगरोत्थान, वित्त आयोग, विशेष रस्ता अनुदान अशा शहरांना मिळणाऱ्या सरकारी निधींच्या मागे फिरणार, आणि ते दरवर्षी मिळतंच असं नाही. रस्त्याला वरचा थर ठरावीक वर्षांनी द्यावाच लागतो, तो चुकला की पाणी खाली उतरतं आणि मग सगळाच रस्ता उकरावा लागतो.

प्रभाग_सात:
साइडपट्टी काकांचं तांत्रिक बरोबर आहे पण मी दुसरी बाजू मांडतो, मी एक टर्म नगरसेवक होतो. आमच्याकडे शाळेसमोर गतिरोधक पाहिजे होता तर पत्र उपविभागाला, तिथून विभागाला, तिथून पाहणी, आणि तोवर शाळेचं वर्ष संपलं. पाण्याची पाइपलाइन रस्त्याच्या पलीकडे न्यायची तरी खोदाईची परवानगी आणि अनामत. दुभाजक कुठे उघडा ठेवायचा, झेब्रा कुठे, रिक्षा स्टँड कुठे, फेरीवाल्यांना कुठे बसवायचं, यातलं काहीच गावाच्या हातात नाही, आणि तो रस्ता तर गावाचा मुख्य बाजार आहे. तिथून जाणारे लोक गावचे आहेत, लांबची वाहनं बायपासने गेली. मग निर्णय गावाने का घेऊ नयेत?

मुंबईत बघा, पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या शेवटी एमएमआरडीएकडून, म्हणजे राज्याच्या मुंबई महानगर प्राधिकरणाकडून, महापालिकेकडे गेले, त्याआधी तिथल्या खड्ड्यांसाठी लोक शिव्या पालिकेला द्यायचे आणि रस्ता दुसऱ्याचाच असायचा. एक मालक असला की निदान जाब कोणाला विचारायचा ते कळतं.

साइडपट्टी:
जाब विचारण्याचा मुद्दा मान्य. पण मुंबई महापालिकेचं २०२३-२४ चं बजेट ५२ हजार कोटींच्या वर होतं हो. त्यांच्याशी ब वर्ग नगरपरिषदेची बरोबरी कशी करणार, रस्ते विभागात यांच्याकडे एखादा अभियंता असला तर नशीब, त्याच्याकडेच पाणीपुरवठा पण असतो.

काळा_कोट:
२०१७ विसरू नका कोणी. सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिलपासून बंद करायला सांगितली, आणि मग देशभर शहरातल्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जा काढून ते स्थानिक संस्थांच्या गळ्यात घालण्याची घाई सुरू झाली. पुढे ११ जुलै २०१७ ला कोर्टानेच स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना तो आदेश अडवत नाही, म्हणजे ज्यासाठी घाई केली ते कारणच उरलं नाही. तेव्हा ठराव कोणाच्या सोयीसाठी येतोय हे आधी विचारा. तुमच्याकडे बायपास झालाय, तर कारण खरं दिसतं.

जबाबदारीचं पण लक्षात घ्या. मुंबई हायकोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय की चांगले रस्ते हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली, ती ज्या यंत्रणेचा रस्ता तिने द्यायची. म्हणजे ताबा पावतीवर ज्या दिवशी सही होईल त्या दिवसापासून हा बोजा नगरपरिषदेवर. माणूस गेला तर पैशाने भरून निघत नाहीच, पण निदान मुख्याधिकाऱ्यांनी ही सही डोळे उघडे ठेवून करावी.

सॅन_अँटोनिओतून:
मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे, इथला एक किस्सा तुमच्या "परत देता येतो का" या प्रश्नाला उलट बाजूने लागू पडतो. सॅन अँटोनिओमध्ये ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे, मूळचा राज्याचा, त्याचा साधारण साडेतीन किलोमीटरचा भाग राज्याने शहराला द्यायचं ठरवलं. शहराने २०१७ मध्ये लोकांकडून मतदानाने कर्जरोखे मंजूर करून घेतले, लेन कमी करून फुटपाथ आणि सायकलसाठी जागा करायची योजना झाली. आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या वाहतूक आयोगाने लेन कमी होणार म्हणून तो हस्तांतरणाचा निर्णयच मागे घेतला, कारण शेवटचे कागद पूर्ण झालेलेच नव्हते. लोक फार दुखावले इथे.

कॅलिफोर्नियात कायद्यातच आहे की राज्याने रस्ता सोडण्याआधी ९० दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि रस्ता चांगल्या दुरुस्त अवस्थेत द्यायचा. आपल्याकडे कायद्यात मिळो न मिळो, ठरावात ही अट घालायला कोण अडवतंय?

वेशीजवळचा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी अजून. आमच्या रस्त्यावर ओढ्यावरचा जुना दगडी पूल आहे, तो पण येणार का सोबत? आणि बायपास असूनही उसाचे ट्रक गावातूनच जातात, कारण कारखाना फाटा बायपासच्या अलीकडच्या बाजूलाच आहे.

साइडपट्टी:
मग तर थांबाच. पूल वेगळा ठेवायला सांगा, किंवा ताब्याआधी त्याची संरचनात्मक तपासणी करून लेखी अहवाल घ्या. पूल दुरुस्तीचं काम नगरपरिषदेच्या आवाक्यातलं नाही, त्यासाठी खात्याकडे पुलांची वेगळी माणसं असतात.

उसाच्या ट्रकचं म्हणाल तर २०१८ मध्ये केंद्राने कायदेशीर वजनमर्यादाच वाढवली, चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टनावरून ११.५ टन. रस्त्याचं नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे एवढ्या वाढीनेही नुकसान जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतं, आणि हंगामात ट्रक त्याच्याही वर भरलेले असतात. त्यामुळे स्टँड ते ओढा हा बाजाराचा भाग नगरपरिषदेने घ्यावा, तिथे प्रभाग_सात म्हणतात ते सगळं खरं आहे, आणि ओढा ते कारखाना फाटा राज्यमार्गच राहू द्यावा असं माझं मत. पूर्ण चार किलोमीटर एकगठ्ठा घ्यायचं बंधन नाही, प्रस्तावात साखळी क्रमांक (रस्त्यावर कुठून कुठपर्यंत ते सांगणारे अंतराचे आकडे) टाकून लांबी तोडता येते.

प्रभाग_सात:
हे पटलं. वेशीजवळचे, सभेआधी आरटीआय टाका, १० रुपयांचं काम आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागच्या पाच वर्षांत त्या लांबीवर पीडब्ल्यूडीने किती खर्च केला, कामं कोणती, दोष दायित्व कधी संपतं, सगळं मागा. तो आकडा सभेत वाचून दाखवा आणि विचारा की एवढे पैसे दरवर्षी कुठल्या हेडमधून देणार.

वेशीजवळचा:
अर्ज उद्याच टाकतो. लांबी तोडायचं आमच्याकडे कोणालाच सुचलं नव्हतं, आज संध्याकाळी नगरसेवकांना भेटून ते आधी सांगतो.