भामरागडकडच्या घराचा विमा: पुराचं नाव काढलं की नागपुरातल्या शाखा हात वर करतात

सांदवाडी:

घर भामरागड तालुक्यात, नदीकाठच्या गावात. आईबाबा तिथेच राहतात, मी नागपुरात मनीषनगरला. पुढच्या दोन खोल्या विटा-सिमेंटच्या, वर स्लॅब. मागच्या दोन मातीच्या भिंतींच्या, वर कवेलू (कौलं). पुढच्या एका खोलीत छोटं किराणा दुकान. पर्लकोटा नदी फुगली की आलापल्लीचा रस्ता बंद, हे सगळ्यांना माहीत आहे.

सदरमधल्या एका शाखेत सांगितलं, "तो पिनकोड सिस्टीम घेत नाही." दुसरीकडे फॉर्म ठेवून घेतला, मग फोन उचलणं बंद. ऑनलाइन पत्ता टाकला की "आमचा प्रतिनिधी संपर्क करेल" एवढंच येतं. एका एजंटाने तर सुचवलं, पूर्ण घर आरसीसी लिहा, काम होऊन जाईल.

कंपनीला असं नाकारता येतं का? मातीच्या भिंतीला कव्हर मिळतं का? आणि पुरात पूलच पाण्याखाली असेल तर नुकसान तपासणारा सर्व्हेअर पोहोचणार कसा? माहिती असणाऱ्यांनी नीट सांगा, "एलआयसी काढा" वगैरे नको.

खर्डेघाशी:

आधी एजंटाचं. आरसीसी लिहू नका. पुरात पहिल्यांदा पडणार ती मागचीच बाजू. सर्व्हेअर फोटोत माती आणि कवेलू पाहील, पॉलिसीत "आरसीसी" वाचेल आणि चुकीची माहिती दिली म्हणून अख्खा क्लेम उडेल, पुढच्या पक्क्या खोल्यांसकट. एजंटाचं कमिशन तोवर जमा झालेलं असतं.

आता पॉलिसी कोणती ते. "होम इन्शुरन्स" असं मोघम मागू नका, "भारत गृह रक्षा" नाव घेऊन मागा. १ एप्रिल २०२१ पासून आगविमा करणाऱ्या प्रत्येक जनरल इन्शुरन्स कंपनीला ही पॉलिसी ठेवणं इर्डाने (विमा नियामकाने) बंधनकारक केलं आहे, मजकूरही सगळीकडे सारखा. पूर, वादळ, वीज, भूकंप, दरड, वणवा, दंगल, दहशतवादी कृत्य हे सगळं मूळ कव्हरमध्येच येतं. यातली घटना घडल्यापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही. लोक निवारा शाळेत आणि घर उघडं, अशा वेळी हे कलम कामाचं.

मात्र पॉलिसी ठेवणं बंधनकारक म्हणजे प्रत्येक घर घेणं बंधनकारक नाही. जोखीम घ्यायची की नाही, हे कंपनीच्या अंडररायटिंगवर (जोखमीच्या तपासणीवर) ठरतं. शाखेला तो अधिकार बहुतेक नसतो, म्हणून काउंटरवरचा माणूस पिनकोडचं कारण सांगून मोकळा होतो. त्याला तोंडी विचारूच नका. भरलेला प्रपोजल फॉर्म, घराचे चारही बाजूंचे फोटो आणि कर पावती जोडून द्या, पोच घ्या, आणि "रीजनल ऑफिसला रेफर करा, नकार असेल तर कारणासह लेखी द्या" असं पत्रात लिहा. चार सरकारी कंपन्यांपासून सुरुवात करा. उत्तरच आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, मग इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ ही हेल्पलाइन. विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) लगेच धावू नका, प्रपोजल नाकारल्याची तक्रार तिथे बसत नाही. तो रस्ता क्लेमच्या वेळचा.

वेळही पाहा. जूनच्या तोंडावर फॉर्म घेऊन गेलात तर कोणीही टाळणारच. जानेवारी ते एप्रिल बरा. आणि एकदा कोणी घेतलं की एका वर्षाची काढू नका. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंत मिळते. प्रीमियम एकदम भरावा लागतो, वर १८ टक्के जीएसटी, पण दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी "यंदा तुमचा भाग बंद आहे" हे ऐकावं लागत नाही. विमा रक्कमही दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. तुमच्यासारख्या ठिकाणी मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

कवेलू_जुने:

मातीच्या भिंतीबद्दल. पॉलिसीतली "कच्चं बांधकाम" ही व्याख्या लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, ताडपत्री, प्लास्टिक "आणि तत्सम" अशी आहे. मातीची भिंत नि कवेलू त्यात येतात की नाही यावर वाद घालता येतो, आणि क्लेमच्या वेळी तो वाद तुमच्या विरुद्धच घातला जातो. म्हणून आधीच मिटवा. प्रपोजलमध्ये दोन भाग वेगळे लिहा: "भाग अ, वीट-सिमेंट, स्लॅब, इतके चौरस मीटर, भाग ब, मातीच्या भिंती, लाकडी फाटे, कवेलू, इतके चौरस मीटर." पॉलिसी हातात आल्यावर शेड्यूलमध्ये (तपशिलाच्या पानावर) हेच उतरलंय का पाहा. नसेल तर त्याच आठवड्यात एंडोर्समेंट (पॉलिसीत लेखी दुरुस्ती) मागा. भाग ब ला प्रीमियम जास्त लागला किंवा तो वगळला, तरी तुम्हाला आज कळेल, पुरानंतर नाही.

विमा रक्कम बाजारभावाने काढत नाहीत, जमिनीची किंमत त्यात येतच नाही. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. समजा ६० चौरस मीटर आणि दर १८,००० रुपये, तर १० लाख ८० हजार. ओसरी, बाल्कनी, गच्ची यांचं २५ टक्केच क्षेत्रफळ धरतात. कंपाउंड, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, सोलर यांची किंमत वेगळी लिहावी लागते, नाहीतर ती सुटते. दर लावताना नागपूरचा लावू नका. सिमेंट, गिट्टी, टिना (पत्रे) सगळं आलापल्लीहून पुढे चढवायचं, त्याचं भाडं धरून तिकडच्या अभियंत्याकडून एका पानाचं एस्टिमेट घ्या आणि फॉर्मला जोडा. या पॉलिसीत रक्कम कमी पडली म्हणून प्रमाणात कपात होत नाही, पण विमा रकमेच्या वर एक रुपयाही मिळत नाही.

घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं कव्हर यादी न देता आपोआप मिळतं. वरच्या उदाहरणात २ लाख १६ हजार. दागिन्यांना वेगळं कव्हर.

दुकानाचा माल मात्र यात नाही. किराण्याला "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" वेगळी घ्या आणि गृह रक्षाच्या फॉर्ममध्ये एका खोलीत दुकान आहे हे लिहा. विकायला भरून ठेवलेल्या धानाच्या पोत्यांचं तेच. लोक पोती घरसामानात दाखवतात आणि मग सर्व्हेअरशी भांडत बसतात.

वैनगंगाकाठ:

क्लेमचं मी सांगतो. पूर काय भामरागडलाच येतो असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नागनदीकाठच्या वस्त्याही पाण्यात गेल्याच. फरक एवढाच, नागपुरात सर्व्हेअर दुपारी येऊ शकतो. तुमच्याकडे गडचिरोलीहूनच पुढे पावणेदोनशे किलोमीटर, त्यात नाल्यांवरचे ठेंगणे पूल.

म्हणून कळवायचं काम नागपुरातून तुम्ही करा. पाणी घरात शिरल्याचं कळताच कंपनीच्या मेलवर पॉलिसी नंबर, तारीख, "घरात पुराचं पाणी, रस्ता बंद" एवढं टाका. टोल फ्रीवर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच मेलमध्ये विचारा, "सर्व्हेअर येईपर्यंत गाळ काढायची परवानगी आहे का? व्हिडिओ सर्व्हे करता का?" उत्तर आलं नाही तरी विचारल्याची नोंद राहते.

गाळ काढण्याआधी घरच्यांनी काय करायचं, हे पावसाळ्यापूर्वीच समजावून ठेवा. पाणी ओसरलं की भिंतीवर मातकट रेघ राहते. तिच्याजवळ टेप उभा धरून फोटो, जमिनीपासून किती फूट ते दिसलं पाहिजे. कोळशाने तारीख लिहा. मग दारापासून सुरू करून न थांबता एक व्हिडिओ, प्रत्येक खोलीचे चारही कोपरे. फ्रिज, टीव्ही, मोटरपंप यांच्या मागच्या सिरीयल नंबरच्या पट्टीचा जवळून फोटो, कारण बिलं वाहून गेली तरी त्या नंबरवरून वस्तू सिद्ध होते. भिजलेल्या गाद्या फेकायच्याच असतील तर आधी ढीग करून मोजा, फोटो घ्या. फुटलेले कवेलू एका कोपऱ्यात रचून ठेवा, उचलून टाकू नका.

आता मातीच्या भिंतीची खरी अडचण. ती पाण्यात असताना बहुतेक पडत नाही. पाणी उतरलं, पायथा मऊ झाला, वरचं वजन तसंच, ऊन पडलं, की चौथ्या-पाचव्या दिवशी बसते. तोवर पूर "संपलेला" असतो आणि रिपोर्टमध्ये "जुनी भिंत, झीज" असं येतं. झीज आणि सावकाश झालेलं नुकसान कव्हरमध्ये नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पायथ्याच्या ओल्या पट्ट्याचे आणि भेगांचे फोटो घ्या, नंतर रोज त्याच जागेवरून एक. भिंत पडली की दुसरा मेल, "अमुक तारखेच्या पुरामुळे" असं स्पष्ट लिहून.

पंचनाम्यातही हेच पाहा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक येतील, घाईत "भिंत पडली" एवढंच लिहितील. "पुराचे पाणी शिरल्याने" हे शब्द आणि पाण्याची उंची लिहून घ्या, मगच सही. सोबत तहसीलमधून महसूल मंडळाच्या त्या दिवशीच्या पावसाचा आकडा मागा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. सरकारी मदत वेगळी, ती सोडू नका. २०२२ च्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. या आकड्यांत भिंत उभी राहत नाही, पण पंचनाम्याचा कागद विम्याला लागतोच.

सर्व्हेअर रिपोर्टची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे, लेखी मागा. मलबा उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते; मागितली नाही तर कोणी आपणहून देत नाही.

सांदवाडी:

बराच गुंता सुटला, धन्यवाद. दोन प्रश्न राहिले. घराचा नमुना ८ उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे. आणि आईबाबा दिवाळीनंतर दीड-दोन महिने नागपूरला येतात, तेव्हा घर बंद असतं.

खर्डेघाशी:

नमुना ८ आधी. क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न येतो, यात तुमचा विमायोग्य हितसंबंध काय, म्हणजे घर पडलं तर तुमचं काय जातं. ग्रामपंचायतीत वारस नोंद करून बाबांचं नाव चढवा आणि पॉलिसी बाबांच्या नावाने काढा, तुमच्या नाही. गावात स्वामित्व योजनेची (गावठाणातल्या मिळकतींची) ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागा; नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, त्यापेक्षा पत्रिका भक्कम. काका-आत्या हिस्सेदार असतील तर त्यांचं साध्या कागदावर संमतिपत्र आत्ताच घेऊन ठेवा.

बंद घराचं: किती दिवस बंद असतं ते प्रपोजलमध्येच लिहा आणि शेजारी कोणाकडे किल्ली असते तेही. "नागपूरला राहतो, ते गावचं घर, सुटीत जातो" असं बोलण्याच्या ओघात फॉर्मवर उतरू देऊ नका. हॉलिडे होम म्हणून वापरलेल्या घराला ही पॉलिसी पैसे देत नाही. आईबाबांचं ते राहतं घर आहे, तसंच लिहा.

कवेलू_जुने:

एक भर. क्लेम नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्याला. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षं. आणि "कागद अपुरे" एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, हे इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. तसं पत्र आलं तर उत्तरात त्याचाच हवाला द्या.